वस्तरा आणि पट्टा

वस्तऱ्याला धार येते ती दगडावर, पण टिकते ती चामड्याच्या पट्ट्यावर. १९०४ साली जिलेट या अमेरिकन गृहस्थास सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, आणि धार ही जपण्याची वस्तू न राहता फेकून देण्याची झाली. यवतमाळच्या केशकर्तनालयांतही आज वस्तऱ्याच्या मुठीत अर्धे पाते अडकवलेले दिसते. एकाचे रक्त दुसऱ्यास लागू नये म्हणून ते योग्यच. परंतु खुर्चीशेजारी लोंबणारा पट्टा त्यापायी गेला. अशा काळी आम्हांस पन्नाशीनंतर उघड्या वस्तऱ्याचा छंद जडावा, यावर घरची मंडळी काय म्हणतात ते येथे न लिहिलेले बरे.

पोलाद केसापुढे हार का खाते, याचा छडा २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली लावला. केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ. तथापि तो वाकून पात्याशी तिरपा झाला, की धारेच्या एखाद्या दुबळ्या जागी सूक्ष्म कपचा उडतो. तो भरून काढणे पट्ट्याच्या हाती नाही. तेथे दगडच हवा. कलंडलेली कड सरळ करावी व तिला झिलई द्यावी, एवढेच पट्ट्याचे काम, आणि ते दाढीपूर्वी दररोज चाळीस-पन्नास फेऱ्यांनी व्हावे लागते.

नवशिक्याने पट्टा स्वस्तातला घ्यावा, कारण पहिला पट्टा चिरला जाण्यासाठीच जन्मास येतो. घोड्याच्या चामड्याची कीर्ती मोठी, पण ती हात बसलेल्यांसाठी. रुंदी मात्र तीन इंच असावी, म्हणजे पाते सबंध टेकते.

आमचा हात वळवला तो एका वृद्ध कारागिराने. ज्या कसबाला आमच्या पांढरपेशा वर्गाने कधी विद्या म्हटले नाही, त्याची शिकवणी घेण्यास आम्ही त्याच्या ओट्यावर बसू लागलो, तेव्हा प्रथम संकोच वाटला तो त्यालाच. पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणलेला, हात हलका. आणि शेवटी पाते उलटायचे ते पाठीवरून, धारेवरून कदापि नाही. धारेवरून उलटले की चामडे कापते आणि बोथटलेली धार मग गालावर ओरखडे काढते.

जतनाचे नियमही त्याचेच. पट्टा टांगावा, घडी घालू नये, पाणी लागू देऊ नये. आमच्याकडचा वैशाख चामड्यास वाळवतो आणि श्रावण त्यावर बुरशी आणतो. दोहोंवर उपाय म्हणजे रोज तळहाताने चोळणे. हाताचा ओशटपणा पुरतो; तेल क्वचित, तेही थेंबभर.

त्याच्या धोकटीत त्याचा स्वतःचा पट्टा आहे, काळाभोर, आरशासारखा. मुलाला दुकानात त्याची गरज नाही. आम्ही किंमत विचारली, तेव्हा म्हाताऱ्याने आमचा पट्टा मागून घेतला, उजेडाकडे तिरपा धरून पाहिला, आणि परत देत म्हणाला, “अजून नाही, सर. हात बसू द्या.”