किडनीचा आजार : तुम्हाला नेमकं किती माहीत आहे?

किडनीचा आजार बराच पुढे गेलेल्या रुग्णाला सगळं समजावून सांगावं आणि शेवटी "समजलं ना?" असं विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं : "हो डॉक्टर." या 'हो'चे अर्थ मात्र अनेक असतात. खरंच समजलं; थोडंसं समजलं; बाहेर गर्दी आहे, तुमचा वेळ घेत नाही; मुलगा नंतर सांगेल.

मी किडनीतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. पण किडनीचा आजार बहुतेक वेळा मधुमेह आणि ब्लडप्रेशर या दोन दारांतून आत येतो आणि ती दोन्ही दारं माझ्या ओपीडीत उघडतात. त्यामुळे "समजलं ना?" ऐवजी मी अशा रुग्णांना काही ठरावीक प्रश्न विचारतो. तेच आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

ज्ञान मोजायचं कशाला?

अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यासाठी 28 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि 401 किडनीरुग्णांना ती सोडवायला दिली. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. किडनीतज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्या या रुग्णांची सरासरी साधारण दोन-तृतीयांश गुणांची आली. त्यात एक गंमत होती : काही पर्याय मुद्दाम चुकीचे ठेवले होते. उदाहरणार्थ, 'केस गळू नयेत हे किडनीचं काम आहे का?' प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा तिथे बरोबर सापडतो.

आपल्याला एवढी मोठी परीक्षा नको. सात प्रश्न पुरतात. उत्तर वाचण्याआधी मनात स्वतःचं उत्तर द्या.

1. किडनी बिघडत चालली आहे हे कशावरून कळेल?

"लघवी कमी होईल" आणि "कंबर दुखेल" ही दोन उत्तरं मला सर्वांत जास्त मिळतात. दोन्हींवर विसंबून राहता येत नाही. किडनी बरीच निकामी झाल्यावरही लघवी भरपूर होऊ शकते. पाणी बाहेर पडतं, पण पुरेसा कचरा बाहेर पडत नाही. कंबरदुखीचा तर बहुतेक वेळा किडनीशी संबंधच नसतो. आजार बराच पुढे जाईपर्यंत काहीच त्रास न होणं, हेच त्याचं नेहमीचं रूप आहे. तो कळतो रक्त आणि लघवीच्या तपासणीत.

2. तुमचा ईजीएफआर किती आहे?

क्रिएटिनिनचा आकडा अनेकांना पाठ असतो, पण तो एकटा फसवतो. क्रिएटिनिन 1.4 असेल तर तीस वर्षांच्या पुरुषात ईजीएफआर सुमारे 70 येतो. सत्तर वर्षांच्या बाईत तो सुमारे 40 असतो. आकडा तोच, पण आजींचा आजार तिसऱ्या टप्प्यात पोचलेला असू शकतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ 30 च्या खाली राहिला तर चौथा टप्पा, 15 च्या खाली पाचवा. या दोन टप्प्यांत पुढची तयारी करायची असते.

3. गुडघा दुखला तर कोणती गोळी घ्याल?

"नेहमीची, मेडिकलवाला देतो ती." बहुधा ती डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असते. अशक्त किडनीला या गोळ्या आणखी अशक्त करतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. ज्यात काय आहे ते लिहिलेलंच नाही असं चूर्ण किंवा भस्म घेऊ नका.

4. साखर अचानक कमी येऊ लागली तर काय समजाल?

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका मोठ्या आनंदाने आले होते. "डॉक्टर, पंधरा वर्षांची डायबेटिस गेली! इन्सुलिन निम्म्यावर आलं." सोबत पेढे होते. इन्सुलिन शरीरातून काढून टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं आणि तेवढाच डोस जास्त पडतो. डायबेटिस गेली नव्हती, किडनी चालली होती. काकांना हे सांगणं सोपं नव्हतं. पण त्या रात्री ते नेहमीचा डोस घेऊन न जेवता झोपले असते तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असती. डोस त्याच दिवशी कमी केला. पेढे त्यांनी कंपाउंडरला दिले.

5. रक्त तपासायला कोणता हात पुढे करता?

हा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण डायलिसिस लागणारच असेल, तर हातातली रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला करतात. तो शक्यतो कमी वापराच्या हातात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हातात होतो. तो वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात, म्हणून तो वेळेआधी करून ठेवायचा. तोवर त्या हाताच्या शिरा जपायच्या : रक्त काढणं नको, सलाईन नको. शक्य असेल तर दुसऱ्या हाताच्या पंज्याच्या मागच्या शिरेतून रक्त घ्यायला सांगा. फिस्टुला तयार नसेल तर घाईत मानेतून नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होण्याचा धोका बराच जास्त असतो. हिपॅटायटिस बीची लसही आधीच घ्या. आजार जितका पुढे जातो तितकी ती कमी लागू पडते.

6. किडनी पूर्ण थांबली तर कोणकोणते मार्ग आहेत?

बहुतेकांना एकच माहीत असतो : मशीनवरचं डायलिसिस. खरं तर चार आहेत. मशीनवरचं, साधारण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चारेक तास. पोटातलं, जे शिकून घेतल्यावर घरीच करता येतं. किडनी प्रत्यारोपण, जे योग्य दाता असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीही होऊ शकतं. आणि चौथा : फार वय झालेल्या, इतर आजारांनी खिळलेल्या माणसाने डायलिसिस न घेता त्रास कमी ठेवणारे उपचार घेणं. हाही विचारपूर्वक निवडलेला मार्ग असू शकतो, हार नव्हे.

"डायलिसिसची सवय लागते" हे वाक्य इथे हमखास येतं. सवय लागत नाही. किडनी काम करत नाही म्हणून ते चालू ठेवावं लागतं. अचानक झालेल्या बिघाडातून किडनी सावरली तर ते बंदही होतं. सवयीच्या भीतीने थांबून राहिलेला रुग्ण शेवटी रात्री, धाप लागलेल्या अवस्थेत इस्पितळात पोचतो आणि मग निवडायला काही उरत नाही.

7. कोणती लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठाल?

आडवं झाल्यावर धाप लागणं, खूप अशक्तपणा किंवा पायातली ताकद जाणं, छातीत धडधड, सततच्या उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी एकदम थांबणं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून पोटॅशियम जास्त असलेल्यांना शहाळ्याचं पाणी आणि कमी सोडियमचं मीठ चालत नाही. त्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं.

उत्तर कोण देतं?

प्रश्न मी पेशंटकडे बघून विचारतो. उत्तर बहुधा मुलगा किंवा सून देते. ते प्रेमापोटीच. पण रात्री दोन वाजता धाप लागते ती आईंना, आणि मेडिकलमध्ये गोळी मागतात त्याही आईच. म्हणून मी पुन्हा विचारतो, "आई, तुम्ही सांगा." कधी असं म्हणतो, "घरी गेल्यावर शेजारणीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" त्यावर आई जे सांगतात, तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं. जे राहिलं ते पुढच्या भेटीत. आणि स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल, तर त्या व्यक्तीलाही एकदा सोबत आणा.

सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून सगळं सुरळीत होतं असं नाही. माझ्या एका पेशंटला सातही उत्तरं येत होती. अडचण एसटीची होती : सकाळची गाडी चुकली की डायलिसिस चुकायचं. त्याला समजावायची गरजच नव्हती, वेळ बदलून हवी होती. ती मागितली आणि मिळाली. माहिती तपासल्याचा हाही फायदा : अडलंय कुठे, समजण्यात की जमण्यात, ते कळतं.

तुमच्या घरात कुणाचा ईजीएफआर 30 च्या खाली असेल, तर आज जेवणानंतर हे सात प्रश्न एकमेकांना विचारा. जिथे उत्तर अडेल त्या प्रश्नाचा नंबर कागदावर लिहा आणि तो कागद पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. औषधांत आणि आहारात बदल मात्र त्यांना विचारूनच करा.