अण्णांची जाळी

माझ्या नावावर जे काही थोडंफार संशोधन आहे ते खुर्चीत बसून केलेलं. गाणाऱ्या पक्ष्याचा जनुकसंच म्हणजे साधारण शंभर कोटी अक्षरं. ती जुळवायची, दुसऱ्या डोंगरावरच्या पक्ष्याशी ताडून पाहायची, हा माझा उद्योग. पण ही अक्षरं माझ्यापर्यंत पोचली ती कोडाईकनालच्या अण्णांमुळे. त्यांची रोजंदारी चुकती झाली, बाकीचं काहीच नाही.

पहाटे शोलाच्या, म्हणजे उंच डोंगरांवरच्या थंड जंगलात, पायांवर जळवा चढत असताना, अण्णा मिस्ट-नेटचे, म्हणजे पक्षी पकडायच्या बारीक जाळीचे, बांबू रोवायचे. शोलाकिळी (इथला छोटा गाणारा पक्षी) अडकली की आधी तिचे पाय मोकळे करायचे, मग मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद धरून पंख उघडून माझ्यासमोर. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब बास होतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं; म्हणून त्या थेंबात डीएनएची रेलचेल. मात्र पक्षी चोच वासून धापा टाकायला लागला की अण्णा सरळ मूठ उघडायचे. आठवडाभर वाट पाहिलेला नमुना भुर्रकन उडालेला बघून मी चरफडायचो. "तंबी, पक्षी आधी," एवढंच म्हणायचे.

या डोंगरांबद्दल असल्याच थेंबांनी केवढं सांगितलंय! निलगिरी आणि कोडाईकनालचे पळणी डोंगर यांच्यामध्ये पालघाटची रुंद, उष्ण खिंड आहे. थंड शोलात वाढलेल्या पाखरांना ती ओलांडणं अवघड. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली २३ जातींच्या ३५६ पक्ष्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या १० जातींची सर्वांत जुनी फाटाफूट याच खिंडीशी जुळली. २०१७ मध्ये शोलाकिळींना 'शोलिकोला' ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली. तोवर या बिचाऱ्या आश्रितासारख्या कधी एका प्रजातीच्या घरी, कधी दुसरीच्या. माझं काम त्यानंतरचं, त्याच वाटेवरचं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना पाऊण पान आणि अण्णांना एक ओळ आहे. ही वाटणी मला आजही पटत नाही. ती ओळ मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये वाचून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतली, विडी विझवली आणि म्हणाले, तिसऱ्या जाळीला भोकं पडलीत, पुढच्या वेळी नवी घेऊन ये.