रविवारपर्यंत थांबू

१९८८ च्या जून महिन्यात माझ्या बँकेतील बदलीचा कागद आला, तेव्हा वसईच्या आमच्या घरात नकाशा उलगडून बाळापूर शोधावे लागले होते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे पारस स्टेशन सापडले आणि त्याच्या जवळच ते अक्षर दिसले. आईने एकच प्रश्न विचारला, “तिथं देऊळ आहे का?” आमच्याकडे जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. “बाळापूरला नाही, अकोल्याला आहे,” मी म्हणालो. “किती लांब?” पंचवीस-सव्वीस किलोमीटर, असे मी चौकशी करून सांगितले. ती काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात देऊळ घरापासून हाकेच्या अंतराबाहेर कधी गेले नव्हते.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे जुने गाव. १७२१ साली बांधायला घेतलेला आणि १७५७ साली पुरा झालेला विटांचा भक्कम किल्ला, नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, बाळादेवीचे मंदिर, नक्षबंदी सूफींची खानकाह, मशिदी, आणि चारही बाजूंना काळी कसदार कपाशीची जमीन. एकेकाळी इथली पागोटी आणि सतरंज्या वऱ्हाडभर नावाजलेल्या होत्या. पाणी मात्र मचूळ. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात घेतले की जीभ आखडते. वसईच्या मिठागरांशेजारी लहानाचा मोठा झालेल्या माणसाला समुद्रापासून इतक्या दूर येऊनही मीठ सुटले नाही, याचे मला हसू येई. “तुम्ही मिशनवाले का?” असे बँकेत पुष्कळजण विचारत. अकोल्याकडे अमेरिकन अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. त्यामुळे ख्रिस्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येई. कॅथलिक म्हणजे काय हे समजावून सांगण्याचा प्रयत्न मी पहिल्या वर्षी केला, पुढे सोडून दिला.

वसईत श्रद्धा ही भरतीच्या पाण्यासारखी असते. तीन वेळची घंटा, नोव्हेना, सण, गायकवृंद, मयताला लोटणारे गाव. आपण नुसते उभे राहिलो तरी पाणी आपल्याला उचलून नेते. बाळापूरला पहिल्यांदा माझे पाय तळाला लागले. रविवारी सकाळची एस. टी. धरून आम्ही अकोल्याला जात असू. मिस्सा, थोडा बाजारहाट, दुपारपर्यंत परत. उन्हाळा तापला, ऑडिट निघाले, मुलाची परीक्षा आली की तो रविवार बुडे. आपण श्रद्धा बाळगतो, की श्रद्धेचे वातावरण आपल्याला बाळगत असते? हा प्रश्न मला तिथे पडला खरा, पण त्याचे उत्तर शोधण्याइतका मी अस्वस्थही झालो नाही. हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

१९९० साली वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. तिने आल्या आल्या भिंतीतल्या कोनाड्यातून माझ्या फायली काढल्या, तिथे पवित्र मातेची तसबीर ठेवली आणि रोज संध्याकाळी जपमाळेला बसण्याचा दंडक घातला. जपाच्या मध्येच मशिदीतून अजान ऐकू आली तर ती मणी बोटात धरून थांबे. “तेही बोलवतात, आपणही बोलवतो, एकाच वेळी कशाला गलका करायचा?” हे तिचे तत्त्वज्ञान. शेजारच्या घरातल्या वयस्क मुस्लिम बाई, ज्यांना सारा वाडा आपा म्हणे, तिच्याजवळ येऊन बसू लागल्या. एकीची भाषा वसईकडची, दुसरीची वऱ्हाडी उर्दू. दोघींचे काय जमत असे, परमेश्वर जाणे. पण गुडघेदुखी हा विषय उभयतांना समान होता.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये आईला ताप आला. तापाने छाती धरली, मग हृदयाचे दुखणे निघाले. अकोल्याच्या एका रुग्णालयात तिला आठ दिवस ठेवले. त्या रुग्णालयापासून चर्च रिक्षाने दहा मिनिटांवर होते. पुढचे सारे त्या दहा मिनिटांविषयी आहे.

मी फादरांना बोलावले नाही. पत्नीने दोनदा सुचवले. मी म्हणालो, “वॉर्डात फादर दिसले की आई धास्ती घेईल. आता काय, संपलं, असं तिला वाटेल.” कारण रास्त वाटणारे होते. आमच्या लहानपणी गावात कुणाच्या घरी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन निघाले की पुढे एक मुलगा घंटी वाजवत चाले, रस्त्यावरची माणसे गुडघे टेकीत, आणि बायका खालच्या आवाजात विचारीत, “कोणाचं आलं?” त्या घंटीचा अर्थ आम्हां मुलांना पक्का ठाऊक होता. धर्मगुरूच्या हातातले तेल म्हणजे मृत्यूचे आमंत्रण, ही समजूत कुणी शिकवावी लागली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईनेच विचारले, “इथले फादर इकडं येतात का रे कधी?” मी म्हणालो, “त्यांना फार व्याप असतो.” आणि उशी नीट केली. ती चौकशी करीत आहे असे मी धरून चाललो. तिने मागणे मागितले होते.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले, आता घरी न्या, सेवा करा. सोमवारी आम्ही तिला बाळापूरला आणले. आपा रोज संध्याकाळी येत, वाटीत तेल कोमट करून आईच्या तळपायांना चोळत आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. बुधवारी घरमालकांचा मुलगा दारात येऊन म्हणाला, “साहेब, फादरले आणाचं असन त सांगा. गाडी हाये, तासाभरात घेऊन येतो.” आभाळ उघडे होते, रस्ता कोरडा होता. मी म्हणालो, “रविवारपर्यंत थांबू. मिस्सेला जाईन तेव्हा मीच सांगेन त्यांना.”

गुरुवारी रात्री पावसाने झोडपायला सुरुवात केली. शुक्रवारी पहाटे आई गेली. पावसावर दोष ढकलणे सोपे होते आणि काही महिने मी तसे केलेही. वसईहून आलेल्या बहिणीला मी सांगितले, “रात्रभर पाऊस, फादर येणार कसे?” त्यात खोटे काही नव्हते, आणि खरेही काही नव्हते.

फादर शुक्रवारी दुपारी आले. गुडघाभर चिखलात माखलेली पँट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आईसाठी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. पिशवीतली तेलाची छोटी डबी मात्र उघडली गेली नाही. संस्कार जिवंतांसाठी असतात. मृताला तेल लावीत नाहीत. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. ती डबी बंदच पिशवीत परत गेली, तेव्हा ते मला कळले. अकोल्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत आईला मूठमाती दिली. वाड्यातले पंधरा-वीस लोक कामधंदा सोडून आले होते. आपा दफनभूमीत आल्या नाहीत. घरीच थांबून त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

मग प्रायश्चित्त संस्काराला मी कितीतरी रविवार गेलोच नाही. गेलो तेव्हा आधी इतर पापांची यादी वाचली आणि ही गोष्ट शेवटी, जाता जाता सांगावी तशी सांगितली. मला वाटले होते फादर सांत्वन करतील. शेजारणीने आईच्या पायांना लावलेले तेलच देवाने संस्कार म्हणून स्वीकारले असेल, असे काही म्हणतील. (ही कल्पना मीच मनाशी रचून ठेवली होती, सुंदर असल्यामुळेच मला तिचा संशय येत होता.) त्यांनी तसे काही म्हटले नाही. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “तो तुमच्या आईचा हक्क होता.” मग म्हणाले, “देव आपल्या संस्कारांनी बांधला गेलेला नाही. तिच्या बाबतीत तो उणा पडला नसेल. पण तुम्ही उणे पडलात, ते मान्य करा आणि क्षमा घ्या.” त्या दिवशी मला हे कठोर वाटले. दुखण्यावर फुंकर हवी होती आणि त्यांनी जखम धुतली.

त्यानंतर मी या संस्काराविषयी जमेल तसे वाचले. शिक्षा म्हणून नव्हे. आपण कशापासून पळालो, हे तरी पाहावे म्हणून. याकोबाच्या पत्रात जे सांगितले आहे, ते आजाऱ्याविषयी आहे: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. मरणाऱ्याविषयी असे तिथे म्हटलेले नाही. मध्ययुगात मात्र हा संस्कार मागे सरकत सरकत मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि त्याला ‘अंतिम अभ्यंग’ हेच नाव चिकटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सांगितले की त्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य होय, आणि आजाराने वा वार्धक्याने जिवाला धोका निर्माण होऊ लागला की तीच तो घेण्याची वेळ. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधीही बदलला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय अशा अवयवांना तेल लावीत. आता कपाळाला व हातांना लावतात. पुन्हा आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. म्हणजे १९९१ साली मी ज्या भीतीने दाराशी उभा होतो, ती भीती चर्चने जवळजवळ तीस वर्षांपूर्वी मोडीत काढली होती. परिषद रोमला झाली. आमच्या घरापर्यंत ती पोहोचायची राहिली होती.

आणखी एक तपशील मला वाचता वाचता थांबवून गेला. तेल म्हणजे ऑलिव्हचेच, असा पूर्वीचा नियम. पॉल सहाव्यांनी तो सैल केला: जिथे ऑलिव्ह मिळत नाही, तिथे वनस्पतीपासून काढलेले दुसरे तेल चालेल. एरवी हे तेल पुण्यसप्ताहात बिशप आशीर्वादित करतात. पण खरी निकड असेल तर धर्मगुरू विधीतच त्यावर आशीर्वाद मागू शकतो. म्हणजे वऱ्हाडातली सरकी, करडई, जवस, तीळ, कुणालाही ते दार बंद नाही. बाळापूरच्या बाजारातून जाताना पेंडीचा वास आला की मला हे आठवे. इतके सोपे करून ठेवले होते सारे.

१९९३ साली मी परत वसईला आलो. आजाऱ्यांना भेटणाऱ्या मंडळींत नाव दिले आणि गेली तीस वर्षे, माझे मित्र चेष्टेने म्हणतात तसा, तेलाचा दलाल झालो आहे. कुणी रुग्णालयात आहे असे कळले की मी जातो आणि घरच्यांना विचारतो, “फादर येऊन गेले का?” किती घरांत मी अप्रिय झालो आहे, त्याची गणती नाही. शिकलेली मुले अधिक बिचकतात. “अंकल, डॉक्टर पॉझिटिव्ह आहेत,” असे एका मुलाने मला दाराबाहेर उभे करून सांगितले होते. मी त्याच्यावर रागावू शकलो नाही; तो माझेच वाक्य बोलत होता. १९९३ पासून ११ फेब्रुवारीला, लुर्ड मातेच्या सणादिवशी, जागतिक आजारीदिन पाळला जातो आणि पुष्कळ धर्मग्रामांत त्या दिवशी वृद्धांना एकत्र तेल लावतात. तिथे रांगेत बसलेल्या, एकमेकींच्या कानाशी लागून हसणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या की ती जुनी घंटी थोडी दूर गेल्यासारखी वाटते. पूर्ण गेली, असे मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी माझ्याच हृदयात अडथळे निघाले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. मी मुलाला म्हणालो, “आधी फादरांना बोलाव.” त्याचा चेहरा असा काही झाला, की मला तो ओळखीचा वाटला, आरशात नव्हे, पण कुठेतरी मी तो पाहिला होता. “पप्पा, घाबरण्यासारखं काही नाही,” तो म्हणाला. “साधी प्रोसिजर आहे. आणि रविवारी आपण मिस्सेला जाणारच आहोत, तेव्हा सांगू त्यांना.”

तो शुक्रवार होता. बाळापूरची हकिकत त्याला अर्धीमुर्धीच ठाऊक होती. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि पावसाची सुट्टी मिळाली म्हणून खूश होता. मी त्याला समोर बसवले आणि सारे सांगितले, रुग्णालय ते चर्च या दहा मिनिटांसकट. त्याने फोन उचलला.

संध्याकाळी पाचला आमचे तरुण सहायक धर्मगुरू स्कूटरवरून आले. पाऊण तासही लागला नाही. वाचन झाले, त्यांनी डोक्यावर हात ठेवले, कपाळाला आणि तळहातांना तेल लावले. तेल थंड होते, त्याला वास जवळजवळ नव्हताच. मुलगा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता आणि सबंध वेळ माझ्या पायांकडे पाहत होता. सुनेने चहा ठेवला. फादरांना आणखी एका घरी जायचे होते, म्हणून त्यांनी तो उभ्याउभ्याच घेतला.