आधीचा नंबर

सांगलीच्या टिंबर एरियात आमचं वर्कशॉप आहे. सागवानी दारं, जेवणाची टेबलं, झोपाळे, असलं काम. हातानं पेपर मारणं सोडून घासायचं मशिन घेतलं त्याच वर्षीची गोष्ट. सहा माणसांचं टेबल होतं. ऐंशी नंबरची चकती लावून रंध्याच्या खुणा काढल्या आणि गिऱ्हाइकाची घाई म्हणून एकदम दोनशेवीसवर उडी मारली. तळवा फिरवला तर कुठं काही लागेना. संध्याकाळी पॉलिशचा पहिला हात दिला. दारातून तिरपा उजेड आत आला आणि अख्ख्या फळीवर बारीक वेटोळी उमटलेली दिसली, शाळकरी पोरानं कर्कटकानं अर्धवट वर्तुळं काढून ठेवावीत तशी.

आमचे आबा खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी आयुष्यात मशिन हातात धरलं नव्हतं. उठून आले, वाकून उजेडाच्या रेषेत डोळा लावला आणि म्हणाले, "आधीचा नंबर अजून हाय की रं ह्यात."

ते टेबल मी परत उघडं केलं. पॉलिश काढलं, ऐंशीपासून सुरुवात केली. दोन दिवस गेले. चकत्या निवडण्याबद्दल मला जे काही कळतं ते सगळं त्या एका वाक्यातून फुटलेलं आहे.

पेपरचा नंबर मुळात चाळणीवरून आला. इंचभर लांबीत जितकी भोकं, तितका नंबर. म्हणून नंबर वाढला की दाणा बारीक. आजच्या मापात पी-८० चा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. पी-१२० चा १२५, पी-१८० चा ८२, पी-२२० चा ६८. आता माझी चूक बघा. ऐंशीनं लाकडात नांगरट केली होती आणि त्यावर मी तिसऱ्या हिश्शाचा दाणा फिरवला. त्यानं सऱ्यांचे वरचे वरंबे तेवढे गोल केले. तळहाताला वरंबेच लागतात, सऱ्या लागत नाहीत, म्हणून हाताला काम झाल्यासारखं वाटलं. पॉलिश मात्र सरीत उतरलं आणि तिथं गडद झालं. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी असं चढत गेलं की प्रत्येक दाणा आधीच्याच्या दीडपट बारीक पडतो, आणि तेवढ्या अंतरातच तो आधीच्या सरीच्या तळापर्यंत पोचून ती पुसू शकतो.

त्यामुळे हाताखालची पोरं "सागवानाला कुठला नंबर चांगला?" असं विचारतात तेव्हा मी उलटा प्रश्न करतो: आत्ता फळीवर काय आहे? करवतीच्या खुणा आहेत की रंध्याच्या? जुना रंग आहे? पहिली चकती त्या खुणांसाठी घ्यायची. दुसरी घ्यायची ती पहिलीसाठी. लाकडाचा विचार मी नंबर ठरवताना पहिल्यांदा करतच नाही. तो चकतीचा दाणा, त्यावरचा थर आणि पाठ बघताना करतो.

सागवानात तेल असतं. मशिन जोरात दाबलं की चकती तापते, तेल सुटतं, त्यात भुसा कालवला जातो आणि दाण्यांच्या मधे काळपट टिकल्या बसतात. मग ती चकती कापत नाही. टिकलीच लाकडावर घासत राहते आणि चकाकी आणते. ती चकाकी फसवी. पॉलिश तिथं धड मुरत नाही. म्हणून सागवानाला विरळ दाण्याची चकती घ्यावी. हिच्या कागदावर जवळपास निम्मी जागा मोकळी ठेवलेली असते, भुशाला बसायला. वर पांढरट साबणासारखा थर दिलेला असेल तर आणखी बरं. त्याला भुसा चिकटत नाही. बाभळीचं तसं नाही. आबांच्या तरुणपणी बैलगाडीचे आरे बाभळीचेच असायचे. ते लाकूड कठीण आणि घट्ट, त्यात ओरखडा पडला की तो लपत नाही. तिथं नेहमीचा तपकिरी दाणा, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, लवकर बोथट होतो. सिरॅमिक दाणा महाग आहे, पण घासताना त्याचे कण फुटून नवी धार वर येत राहते आणि चकती पुष्कळ वेळ चालते. काळा सिलिकॉन कार्बाइडचा दाणा सगळ्यांत तीक्ष्ण, तितकाच ठिसूळ. कोऱ्या लाकडावर तो मी वाया घालवत नाही. पॉलिशच्या दोन हातांमध्ये वापरतो. चकतीच्या रंगावर मात्र विसंबू नये. रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते.

आणखी एक गोष्ट चकती उलटी करून बघायची. नंबराआधी 'पी' आहे का? दीडशे-दोनशेपर्यंत 'पी' असला-नसला तरी फारसं बिघडत नाही. पुढं ही दोन मापं एकमेकांपासून लांब जातात. 'पी' नसलेल्या अमेरिकी मापाचा ४०० जवळजवळ पी-८०० इतका बारीक असतो. दोन्ही एकाच खोक्यात ठेवून मी एकदा एका कपाटाच्या दारांवर दोन तऱ्हेची चमक आणली होती. तेव्हापासून खोकी वेगळी.

मशिनची गोलाई पाच इंच, बूड अडीच मिलिमीटरच्या फेरीत थरथरतं आणि त्याच वेळी स्वतःभोवती हळूहळू फिरतं. या दोन गतींच्या मिसळीमुळे ओरखडे एकावर एक पडून हरवतात. अंगाचा भार टाकला की फिरणं थांबतं, थरथर तेवढी राहते आणि प्रत्येक दाणा आपलं वेटोळं लाकडात कोरत बसतो. माझ्या टेबलावर नंबर तर गाळलेला होताच, वर मी मशिन रेटलंही होतं. मशिनचं स्वतःचं वजन पुरतं. ते सरकवायचंही सावकाश, सेकंदाला इंचभर. चकतीची भोकं बुडाच्या भोकांवर नीट बसवायची, नाहीतर भुसा ओढला जात नाही आणि आपल्याच भुशावर आपण मशिन फिरवत राहतो. हे भुशाचं मी जास्तच मनावर घेतो. लाकडाच्या भुशाची धूळ माणसाला कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली स्पष्ट नोंदवलेलं आहे. आबांची शेवटची वर्षं धापा टाकण्यात गेली. आमच्याकडं मास्क आणि व्हॅक्यूमच्या नळीशिवाय कुणी बटण दाबत नाही. दाबलं तर मी त्या दिवशी काम देत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गावभागातली, नदीकाठची दारं टेंपोतून येऊ लागली. जुनं सागवान, काहींना पितळी कड्या, आणि सगळ्यांच्या रेषारेषांत गाळ. धुवून, घासून, सावलीत महिने-दोन महिने वाळवलं आणि मी साठ नंबर लावला. एरवी दाराची एक बाजू खेचणारी चकती वीतभर जागेत मेली. दुसरी लावली, तीही गेली. गाळात बारीक वाळू असते. ती दाण्याची धार खाते, आणि चिकण माती उरलेली फट भरून टाकते. मी जास्त भरड चकत्या मागवल्या, महागातल्या मागवल्या, उपयोग शून्य. शेवटी मशिन बाजूला ठेवलं, दारं पुन्हा धुतली, सुकवली आणि पोलादी पट्टीच्या धारेनं तो थर खरवडून काढला. मगच चकती चालली, आणि चालली ती ऐंशीचीच. ज्या कामासाठी मी साठच्या खाली उतरत होतो ते काम चकतीचं नव्हतंच. काही दारांच्या आतल्या बाजूला पाण्याची उंची दाखवणारी काळसर रेघ लाकडात खोल मुरली होती. ती काढायची तर फळी फार पातळ करावी लागली असती. मी ती ठेवली. कुणी तक्रार केली नाही.

आबा लहान असताना आमच्या घरात पेपर विकत आणत नसत. चांदोलीच्या बाजूचे ओळखीचे लोक खरवतीची पानं आणून देत. उंबराच्याच कुळातलं झाड; पान इतकं खरखरीत की वाळलेलं लाकडावर फिरवलं तर बारीक भुसा निघतो. अंगणातल्या पारिजातकाच्या पानांनीही शेवटचा हात देत. आबा सांगायचे, कोवळं पान मागं ठेवायचं, जून पान आधी. नंबर छापायच्या आधीही क्रम होताच.

आमच्यापासून मिरज दहा किलोमीटर. तिथली सतारमेकरांची घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी आणि चकाकी आणणारी माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ तंतुवाद्यांकडं वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल बरंच छापून आलं. मला त्या कथेत जे लागतं ते वेगळं आहे. घासणं हीच ज्यांची पिढीजात विद्या होती त्यांनी ती लोखंडावरून तुणीच्या लाकडावर आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर आणली. एकदा मी माझं मशिन घेऊन तिथल्या एका ओळखीच्या चाचांकडं गेलो. नवीन मशिनचा उत्साह होता. त्यांनी ते हातात घेतलं, बूड दाबून बघितलं आणि मला परत दिलं. "हे सपाटीचं हाय, बाळ. ह्याला सपाटी कुठं हाय?" म्हणून त्यांनी भोपळा वळवून दाखवला. खरंच होतं. गोलाईवर कडक बूड एकाच जागी टेकतं आणि तिथं चपटा डाग पाडतं. तबलीसारख्या, म्हणजे सतारीच्या तोंडावरच्या झाकणासारख्या, पातळ लाकडावर तर एक जागा तापून, झिजून गेली की संपलंच. ते पेपरची पट्टी बोटांत धरून गोलाईबरोबर ओढत होते. पट्टी कागदाची नव्हती, कापडी होती. कागद मुडपला की त्याची घडी ओरखडा मारते. तिथून आल्यावर मी चकती आणि बूड यांच्या मधे बसणारी स्पंजाची गादी घेतली. झोपाळ्याच्या गोल कडांना ती चालते. भोपळ्यावर ती फिरवायची हिंमत मला अजून नाही.

आता मी प्रत्येक नंबराच्या आधी फळीवर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा मारतो. रेघा सगळीकडून गेल्या की मशिन बंद, भुसा झटकायचा, फळी फडक्यानं पुसायची. भरड चकतीचा सुटलेला एक दाणा मागं राहिला तरी पुढच्या नंबराखाली सापडून तो लांब ओरखडा मारतो. मग बॅटरी फळीशी आडवी धरून उजेडात बघायचं आणि मगच पुढची चकती. तेल द्यायचं असेल तर सागवानाला एकशेऐंशीवर थांबतो. त्यापुढं बारीक केलं तर लाकूड तेल कमी पितं. भरलेल्या चकतीवर जुन्या चपलेचा क्रेप रबराचा तळ फिरवला की भुसा निघतो. झिजलेली मात्र फेकायची. झिजलेली ऐंशी काही एकशेवीस होत नाही. तिचे चार उंच दाणे तसेच शिल्लक असतात आणि बाकीची नुसती गरम होते. पोरांना तिचा मोह सुटत नाही, म्हणून मी ती मधोमध फाडूनच टाकतो.

या महिन्याची मागणी परवा लिहिली. साठ, एक पाकीट. ऐंशी, दोन. एकशेऐंशी, तीन. एकशेवीस, पाच. दुकानदार दर वेळी विचारतो, "एवढे एकशेवीस कशाला? बाकीचे सुतार ऐंशी आणि दोनशेवीसच नेतात." मी त्याला टेबलाची गोष्ट सांगितलेली नाही. चकत्या आल्या की आबांच्या खुर्चीमागच्या फळीवर लावून ठेवतो, भरड खाली, बारीक वर, आणि एकशेवीस हाताशी.