आळसाचे आरोपपत्र

तुळजापूरच्या महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत दुमदुमणाऱ्या 'आई राजा उदो उदो' या जयघोषाने ज्यांचे कान बालपणापासून भरून राहिले आहेत, अशा आम्हां धाराशिवकरांना, ब्राझीलच्या अरण्यातील तूपी भाषेत झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या एका तीन बोटांच्या मंदगती प्राण्यास, केवळ त्याच्या आर्त स्वरावरून, 'आई' असे नाव आहे हे वाचून जो विस्मय वाटतो, तो इतरांस कसा सांगावा?

त्या अरण्यात मागाहून पोहोचलेल्या भाषांनी मात्र त्याचा स्वर ऐकण्यापूर्वीच निकाल मुक्रर केला. पोर्तुगीजांचा 'प्रेगीसा', स्पॅनिशांचा 'पेरेसोसो', फ्रेंचांचा 'पारेस्यू', जर्मनांचा 'फाउलटिअर', इंग्रजांचा 'स्लॉथ' आणि थेट जपान्यांचा 'नामाकेमोनो', सर्वांची फिर्याद एकच, आळस! ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या सात महापातकांत आळसाची गणना आहे. आमच्या षड्रिपूंत त्याला स्थान नाही, आणि पूर्वजांची ही उदारता मला फार प्रिय आहे. निःसत्त्व पानांवर गुजराण करणाऱ्या, एकेक घास पचविण्यास कित्येक दिवस घेणाऱ्या जीवाची मंदगती ही काटकसर होय, हे दुष्काळी मुलखाला समजावून सांगावे लागत नाही.

1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्याकडील अस्वलाची लांब नखे आणि वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांची रिकामी जागा ध्यानी घेऊन त्यालाही याच आळशांच्या कुळात दाखल केले.

ते अस्वल आमच्या गल्लीत येई दरवेशाबरोबर, उन्हाळ्याच्या दिवसांत, डमरूच्या आवाजामागून. "बाबा, लेकराला पाठीवर बसीव, भ्या जाईल त्याचं," असे म्हणून आजी सुपातून ज्वारी आणी, आणि त्या राठ, धुळीने माखलेल्या केसांवर मला बसविले जाई. भय गेले की नाही ते आठवत नाही. आठवते ती नाकातून ओवलेली वेसण आणि तिच्याभोवतीची ओली जखम. आजीने तळहातावर गुळाची भुकटी धरली, तेव्हा त्याने लांब ओठ पुढे काढले आणि लोहाराच्या भात्यासारखा आवाज करीत ती क्षणार्धात ओढून घेतली. तळहात कोरडा झाला, दात कोठे लागला नाही. दातांमधील ती वाट वारुळातील वाळवी शोषून घेण्यासाठी आहे, आणि ती नखे कठीण वारूळ फोडण्यासाठी, हे मला पुष्कळ वर्षांनी ग्रंथांतून कळले. रात्रभर एवढे कष्ट उपसणाऱ्या प्राण्यावर, शास्त्रज्ञांनी त्याला पुढे अस्वलांत परत घेतल्यावरही, इंग्रजीतील आळसाचा शिक्का तसाच राहिला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दरवेशाचा खेळ हळूहळू बंद झाला, हे उत्तमच झाले. आता मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की इंग्रजी नावाच्या आधारे 'आळशी अस्वल' असे भाषांतर कृपया करू नये. 'अस्वल' हे नाव पुरेसे आहे.