आठवड्याची कमाई

शनिवार. नात अंगणवाडीत जायला लागली आणि घरात नवे कायदे आले. जेवणाआधी हात धुतले का, हे ती आजोबांनाही दरडावून विचारते. या आठवड्यात ती टोमॅटो निवडायला शिकली: लाल एकीकडे, हिरवट दुसरीकडे. पिंपळगावच्या बाजारात चालते तीच प्रतवारी! रडणाऱ्या पोराला स्वतःच्या खाऊतला वाटा देते, हे तर बाईंनीच सांगितलं. अक्षरं मात्र अजून नाहीत, म्हणून सूनबाईची कुरकुर. मला घाई वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पाटी-पेन्सिलीआधी आंघोळ, गाणी, खडे, शंख-शिंपले होते. तेव्हा सूनबाई, पहिलीपर्यंत बाराखडीचा तगादा नको.