चिऊने दार कधी उघडावं?

प्रिय मुक्ता,

कबीरला चिऊ-काऊची गोष्ट सांगताना तू चिऊला पहिल्याच हाकेला दार उघडायला लावतेस, असं परवा फोनवर म्हणालीस. भिजलेल्या काऊला ताटकळत ठेवणं तुला पटत नाही. मन चांगलंच आहे गं तुझं, पण गोष्टीचं पार वाटोळं केलंस! बाळाला न्हाऊ घालायचं, पुसायचं, तीट लावायची, पाळण्यात निजवायचं आणि दर वेळी काऊला 'थांब' म्हणायचं, ही साखळीच तर खरी गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पोरगं पुढचं 'थांब' तुझ्याआधी म्हणतं. दार लगेच उघडलं, तर उरला काय, नुसता ओला कावळा.

बदल करूच नये असं नाही. लोककथा घरोघरी बदलते. कुणाच्या काऊला चुलीपाशी ऊब मिळते, कुणाच्या काऊला चांगला चटका बसतो. लेकीकडे निघालेली टुणूक टुणूक भोपळ्यातली म्हातारी बघ, ती तर देशोदेशी बदलते. अँटी आर्ने या फिनिश अभ्यासकाने १९१० साली कथांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. स्टिथ थॉम्पसन यांनी ती यादी वाढवली. तिच्यात 'थांब, आधी मला जाड तर होऊ दे' म्हणून सुटणाऱ्या सावजाला १२२एफ हा नंबर आहे. इराणमध्येही एक म्हातारी अशीच भोपळ्यात बसून गडगडत येते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१०च्याच 'टुनटुनिर बोई'मध्ये ती सांगितली. त्यांची म्हातारी कुबडी आहे, आपल्या म्हातारीसारखी लेकीकडे नाही तर नातीकडे जाते, आणि शेवटी कोल्ह्याचा समाचार घ्यायला तिची कुत्री धावून येतात.

श्रावणातल्या कहाणीला मात्र हात लावू नकोस. ती हातात अक्षता घेऊन ऐकायची. आटपाट नगरापासून सुफळ संपूर्णापर्यंत शब्द ठरलेले. शुक्रवारची आठवते ना? भावाच्या सहस्रभोजनातून अपमान होऊन उठलेली गरीब बहीण पुढे श्रीमंत होते, भावाने जेवायला बोलावल्यावर अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक घास त्यांच्यावर ठेवते. भाऊ ओशाळतो. असा टोला कुठल्या बोधकथेत दाखव बरं! (बोधकथांचं पुस्तक घ्यायचं तर घे. मला त्या पथ्याच्या जेवणासारख्या लागतात.)

दंतकथेला जागा लागते. हिरकणी सांगायचीच तर रायगडावर, बुरुजाशी उभं राहून, कबीरला ती उतरली तो कडा दाखवून सांग.

आणि दैवतकथेत देवालाही संसार सुटत नाही. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींचं भांडण वाघ्या-मुरळी जागरणात रंगवून सांगतात. जेजुरीला म्हाळसा वर देवाजवळ आणि बाणाईचं देऊळ गडाच्या निम्म्या वाटेवर. पायऱ्या चढताना कबीर 'ही इथेच का?' असं विचारेलच. तिथे 'सवती' हा शब्द गाळू नकोस. गाळलास, तर बाणाई निम्म्यात का थांबली, ते सांगताच येणार नाही.

तुमच्या वरच्या मजल्यावर बंगाली कुटुंब आलंय म्हणालीस. त्यांच्या आजींना एक दिवस चहाला बोलाव आणि कुबड्या म्हातारीची गोष्ट कबीरला त्यांच्याकडूनच ऐकव. हिंदी मोडकीतोडकी असली तरी चालेल. त्यांच्या गोष्टीत कुत्री कितीदा भुंकतात, ते मला कळव.

तुझी,
मावशी